अरबस्तान न पाहिलेला जर्मन

बाबा, मोहने गावच्या कारखान्यातली तुमची नोकरी सुटली तेव्हाही तुम्ही रडला नव्हता, म्हणजे मी तुमच्यावरच गेले असेन. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मला अजून रडू आलेलं नाही. आत सगळं सुन्न आहे, इतकंच.

कारखान्यातल्या जर्मन मशीनची पुस्तकं वाचता यावीत म्हणून तुम्ही जर्मन शिकलात आणि रद्दीत मिळालेल्या एका चरित्राच्या नादी लागलात. एकोणिसाव्या शतकातला अरबीचा पंडित. गरिबाघरचा, पॅरिसला जाऊन अरबी शिकला, मग जन्मभर एकाच विद्यापीठात शिकवत, दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढत बसला. अरबस्तान त्याने कधी पाहिलंच नाही. आपल्या कोपरच्या घरी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून तुम्ही त्याला मराठीत आणत होता आणि आई फोडणी टाकता टाकता म्हणायची, "त्या जर्मनाला म्हणावं, कोथिंबीर तरी निवड." तुम्ही निमूट कोथिंबीर निवडायचात आणि तो पॅरिसमध्येच अडकून राहायचा. भाषांतर शेवटी अर्धंच राहिलं.

आजोबा वारले तो दिवस आठवतो. मी फोनवर सांगतेय, "मामा, आजोबा ऑफ झाले रे." तुम्ही रिसीव्हर काढून घेता. "ऑफ दिवा होतो. माणूस हयात नसतो. हयात म्हणजे आयुष्य, अरबी शब्द आहे." स्वतःचा बाप गेलाय आणि हा माणूस शब्दाचं मूळ सांगतोय! भयंकर राग आला होता मला. तुमच्या वेळी सगळ्यांना फोन मीच केले आणि प्रत्येकाला "ऑफ झाले" असंच सांगितलं. टोकायला कोणी नव्हतं.

गेल्या महिन्यात कंपनीने जर्मनीला पाठवलं. रविवार मोकळा होता, म्हणून तुमच्या त्या पंडिताच्या गावी गेले. कबर सापडली. काहीच वाटलं नाही. शेजारच्या कबरीवरच्या फुलझाडांना पाणी घालणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, इतक्या लांबून याच्याकडे कशा? तुमच्या कृपेने मोडकंतोडकं जर्मन येतं. म्हटलं, वडील याचं चरित्र मराठीत आणतायत.

"अजून चाललंय?"

"हो. सावकाश असतं त्यांचं काम."

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

सांगते म्हणाले. कोलशेतला घरी परत आल्यापासून तो नमस्कार तसाच राहिलाय. तो पोचवायचा म्हणून हे लिहायला बसले, बाबा, आणि आत्ता, इथवर आल्यावर कळतंय, की तुम्हाला काही पोचवता येत नाही.