काकडीचा दोष नव्हता

के. आर. पुरम,
१२ जून

प्रिय वेदू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ठेवून देशील, अशी धास्ती आहे. तुझं जयनगर इथून मेट्रोने तासाभरावर, आणि बाप पत्र पाठवतो. पण समोर आलो तर मी वाद घालीन. छत्तीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला, ती खोड जात नाही.

आधी खरबुजांचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मागच्या वाफ्यात मी हौसेने खरबुजं लावली आणि शेजारीच तुझ्या आईने काकडी. फळं दिसायला देखणी, पण खाल्ली तर नुसतं पाणी. मी लगेच निकाल दिला, की काकडीचा पराग लागला म्हणून चव गेली. सगळ्या कॉलनीला हे शास्त्र ऐकवलं. यंदा तिने पुन्हा काकडी लावली. एप्रिलमध्ये वेल पिवळ्या फुलांनी भरले आणि मी ते मुळासकट उपटले. ती पायरीवर उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी मात्र तिने विचारलं, काकडी कुठे गेली? मला वाटलं टोमणा मारतेय. मी तिच्यावर खेकसलो.

यंदाही खरबुजं पचपचीतच. निम्मी तर वेलावर तडकली. शेजारच्या कावेरीअक्का शेतकी कॉलेजात शिकवायच्या, त्यांना एक फोड नेऊन दिली. त्या हसल्याच. काकडीचा आणि खरबुजाचा संकर होतच नाही, म्हणाल्या. आणि खरबुजाचा खरबुजाशी झाला तरी बदल बियांत होतो, पुढच्या पिकात दिसतो. या फळाची चव काही त्याने जात नाही. नीरु जास्ती आयतु, पाणी जास्त झालं उमाकांतअण्णा, पिकायच्या वेळी ते स्वल्पच घालायचं. मी म्हटलं, पाणी कुठलं जास्त? आमची टाकी दोन दिवसांत रिकामी होते. अर्धाच टँकर ओततोस म्हणून त्या टँकरवाल्याशी मी महिनाभर भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पेपर घेऊन बसलो. साडेसातला आईने वाफ्याला पाणी घातलं, पाइप गुंडाळून ठेवला, आत येऊन पदराला हात पुसले आणि म्हणाली, अहो, आज झाडांना पाणीच घातलं नाही. गेली, पुन्हा घातलं. जेवणाच्या वेळेपर्यंत सहा वेळा. दर वेळी तेच वाक्य, त्याच काळजीने. मी पेपर तोंडासमोर धरून रडलो.

दिवाळीत तू हेच सांगत होतीस. आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते, डॉक्टरांना दाखवू या. आईला वेडी ठरवतेस म्हणून मी ओरडलो, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस म्हणालो. तरी संक्रांतीला तू तिळगूळ घेऊन आलीस. आई झोपली आहे सांगून मी तुला फाटकातूनच परत पाठवलं. ती जागी होती. तिच्या मोबाइलवर तुझा नंबर बंद केला तोही मीच. ती तुला टाळत नव्हती, वेदू. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मलाही सगळं दिसत होतं, पण काकडीला दोष देणं सोपं होतं.

गेल्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. आजार बराच पुढे गेला आहे. आधी आला असतात तर थोडा वेळ मिळाला असता, म्हणाले.

पण हे कळवायला पत्र लिहीत नाही. इतके महिने रोज संध्याकाळी चहा घेताना ती विचारायची, वेदूचा फोन कसा आला नाही? मी म्हणायचो, येईल. या सोमवारी तिने विचारलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, काल नाही. आज शुक्रवार. आज मीच तुझं नाव काढलं. तिने बिस्किटाची बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, बरी आहे ना ती? कोणा शेजारणीच्या मुलीची चौकशी करावी तशी. मला माफ करू नकोस हवं तर, माझ्याशी बोलूही नकोस. पण पत्र मिळताच ये. फाटकाचं कुलूप मी काढून ठेवलं आहे.

तुझाच,
बाबा