लव्हाळ्यांतून आलेले पाणी

केरेपाळ्य, ता. होसकोटे
बुधवार, २९ एप्रिल १९६४

चि. हरीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असे या वेळी लिहवत नाही.

तू सांगितलेस तसा तळ्यापासून विहिरीपर्यंत चर खणला, खडी भरली, लव्हाळी लावली. म्हशी बसतात ते पाणी आता मुळांतून झिरपून, अगदी निवळ होऊन विहिरीत उतरते. माझ्या शब्दावर बायका ते भरू लागल्या. आणि शेजारच्या चंपाच्या मुलीला चार दिवस जुलाब होताहेत. डोळे खोल गेलेत. होसकोट्याच्या दवाखान्यात ठेवली आहे.

माझे दीर नागोजी म्हणतात, झाडांनीच पाणी कुजवले. गावात त्यांचा शब्द चालतो. सोमवारी सगळे जमतील आणि लव्हाळी उपटतील. बसच्या कंडक्टरबरोबर दोन बाटल्या पाठवते, एक तळ्याची, एक चराच्या टोकाची. तुमच्या प्रयोगशाळेत तपासून सोमवारच्या आत कळव.

उन्हातान्हात सायकल दामटू नकोस.

तुझी अक्का, कस्तुरा


बेंगळूर
शनिवार, २ मे १९६४

ती. सौ. अक्कास हरीचा शि. सा. नमस्कार.

तळ्याच्या पाण्यात जंतू पुष्कळ आहेत. चराच्या पाण्यात त्यांतला दहावा हिस्सा उरलाय. पण उरलाय. उकळल्याशिवाय कुणीही घोटभरसुद्धा पिऊ नये. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

दुसरी चूकही माझीच. पाणी चरात चार दिवस तरी रेंगाळायला हवे. मी लांबी कमी धरली, ते दिवसभरातच निघून जाते. चर चौपट लांब हवा.

एक विनंती. सभेत एवढेच सांग की पाणी सुधारलेय, पण उकळून प्या. माझ्या चुका सांगू नकोस. लव्हाळी एकदा उपटली की पुन्हा कुणी लावू देणार नाही, आणि लोक थेट तळ्याचे पितील.

मुलीचे कळव. अन्न गोड लागत नाही.

तुझा हरी


केरेपाळ्य
मंगळवार, ५ मे १९६४

चि. हरीस आशीर्वाद.

चंपाची मुलगी आज उठून बसली, पेज मागितली. हे आधी.

काल देवळापुढे सगळे जमले. नागोजी भावोजींनी तुझे पत्र वाचायला सांगितले. मराठी वाचणारी इथे मी एकटी. कन्नडात काय सांगायचे ते माझ्या हाती होते. दवाखान्यातून तासापुरती आलेली चंपा समोर बसली होती. तुझ्या चुकांसकट सगळे सांगत तुझ्या विनंतीपाशी पोचले, आणि तीही सांगून टाकली.

चंपा उठली. मला वाटले, उपटायलाच निघाली. तिने विचारले, "अक्का, तुम्ही कुठलं पाणी पीत होता?"

मी म्हटले, "तेच. न उकळता."

ती खाली बसली. भावोजी उभे राहिले. मग म्हणाले, "चौपट केला तर चर माझ्या मळ्यातून जाईल. जाऊ दे. पण तुमच्या भावाला म्हणावं, आता स्वतः येऊन मोजून दे."

आज घरोघर पाणी उकळतेय. चंपा तुझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. चराकडे जायला तिच्या दारावरूनच वाट आहे. रविवारी पहिल्या बसने ये.

लोभ आहेच. राग अजून उतरायचा आहे.

अक्का