धाकटीस, झडपेविषयी

ता. १२, मंगळवार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. सुनेची कंबर, मुलाची चिडचिड, जिन्यातला बंद दिवा, होतं तिथेच आहे. तुझ्या मुलाने मला काहीही सांगितलेलं नाही, असं मी म्हणायचं आमचं ठरलंय. तेव्हा तू ऑपरेशनची तारीख दोनदा परत केलीस, हे मला माहीत नाही.

फोनवर तू "हं, हं" करतेस आणि तुझ्या सुनेच्या हातात देतेस, म्हणून कागद. अक्षर लागलं नाही तर मुलाकडून वाचून घे. शेवटचा भाग मात्र स्वतः वाच.

हृदयात रक्ताला दारं असतात, त्यांनाच झडपा म्हणतात. माझं एक धड उघडत नव्हतं, तुझं मिटत नाही म्हणे. तोंडासारखंच. गोळ्यांनी धाप कमी होते, दार तसंच राहतं. म्हणून तुला बरं वाटतंय ते खरं धरू नकोस.

ऑपरेशनआधी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मी म्हटलं, "अहो, दुखणं कुठे आणि पाठवताय कुठे!" बाई म्हणाल्या, "आजी, दातातले जंतू रक्तातून जाऊन नव्या झडपेवर बसतात." एक दाढ गेली. तू जी एका बाजूने चावून सांभाळतेस ना, ती आधी दाखव.

मग विचारलं, झडप धातूची की जनावराच्या पडद्यापासून केलेली? धातूची जास्त टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि रक्त सारखं तपासायचं. दुसरी दहा-पंधरा वर्षांत झिजते. मी म्हटलं, "तोवर मी टिकले तर तक्रार घेऊन येते." बाईंना हसू आवरेना. मी दुसरी घेतली. तू माझं बघून घेऊ नकोस, हे कापडाचं दुकान नाही. तुझ्या डॉक्टरांना विचार.

जाग आली तेव्हा घशात नळी होती. बोलता येत नाही. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. घरच्यांनी तेवढ्या वेळात काय बोलायचं ते बोलून घेतलं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. हातावर जोर देऊन उठायचं नाही, बादलीला हात लावायचा नाही, छातीचं हाड जुळायला महिने जातात. ताप आला तर दडवायचा नाही, लगेच कळवायचं. आणि रडू येतं. दूध उतू गेलं म्हणून मी हुंदके दिले. मी! बाई म्हणाल्या, पुष्कळांना होतं, जाईल. गेलं.

आता तो भाग. मुलाला बाहेर पाठव.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी पळाले.

सून चहाला गेली होती. अंगात मागून नाड्यांचा झगा, वर तिची शाल, पायात कुणाच्या तरी चपला. लिफ्टने खाली आले आणि फाटकाकडे निघाले. घरी जाऊन कडी लावणार होते. जे व्हायचं ते माझ्या खाटेवर होऊ दे. भीती वाटत होती. लिहिलं बघ.

फाटक समोर दिसत होतं आणि अर्ध्या वाटेत माझा दम संपला. कठड्यावर बसले. पहारेकरी आला.

"आजी, कुणाची वाट बघताय?"

"श्वासाची."

त्याने चाकांची खुर्ची आणली. शहाणा माणूस, उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "बाहेर सोडू की आत?"

मी बसून विचार केला. घरी पळून जायलासुद्धा धड काळीज लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, "आत." सुनेला सांगितलं, हवा खायला गेले होते. तिला अजून तेच खरं वाटतं, आणि तसंच वाटू दे.

काल तपासणीला त्याच फाटकातून एका दमात चालत गेले. पहारेकऱ्याने ओळखलं नाही. मला रागच आला.

हमी कुणी देत नाही. बाईंनी धोका तोंडावर सांगितला, तुलाही सांगतील. पण तू नुसती बसून राहिलीस तर काय होणार, तेही विचार. तेवढा एक प्रश्न तू टाळतेस, मला ठाऊक आहे.

मला आता कुणी आई म्हणतं, कुणी आजी, दवाखान्यात पेशंट. "ए भिंगरे" म्हणून ओरडणारी तू एकटी उरलीस. ते ओरडणं माझ्याआधी बंद झालेलं मला चालणार नाही. तारीख घे. मी येऊन बसेन, आता जिने चढता येतात.

उत्तरात फक्त तारीख लिही, बाकी काही लिहू नकोस.

तुझ्याआधी जायचा हक्क सांगणारी, तुझी थोरली,
भिंगरी