व्याह्यांची मंजुरी आणि मागचा डावा टायर

मोशी, गुरुवार दुपार

आदरणीय हिंदुराव,

सोपानचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या तळव्याला ग्रीस आहे आणि ते कागदाच्या कोपऱ्याला लागलं आहे. त्यात अनादर मानू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? ‘आबा पहाटे पुन्हा फिरायला लागले’ असं श्रद्धाकडून कळलं, बरं वाटलं. आम्ही इकडे ठीक. सुहासिनीचा आवाज आठवडाभर बसला होता, तो परत आला आहे आणि त्याचा वापरही लगेच सुरू झाला आहे. जावईबापू निरंजनरावांना आशीर्वाद सांगा. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही ‘बघू’ म्हणता आणि बोलणं तिथेच संपतं. पत्र निदान शेवटपर्यंत बोलू देतं.

विषय तुम्हाला माहीत आहे. माझ्या गाडीचा मागचा डावा टायर.

श्रद्धाच्या डोहाळजेवणाच्या दिवशी सगळं सुरळीत ठरलं होतं. पुढच्या रविवारी मी कराडला गाडी घेऊन यायचं, पोरीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं, तुम्ही हो म्हणाला होतात. विहीणबाई गेल्यानंतर तुमच्या घरातलं ते पहिलंच कार्य, आणि ते नीट पार पडलं म्हणून सगळेच समाधानात होते. अशा वेळी तोंडात विडा असलेल्या माणसाने गप्प बसावं. मी बसलो नाही. तुमच्याजवळ सरकून, कोणीही विचारलेलं नसताना, मी सांगितलं की मागच्या डाव्या टायरला पंक्चर निघालं होतं, ते दुरुस्त केलं आहे, तर त्या टायरवरून सुनेला नेण्यास आपली काही हरकत नाही ना? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सुहासिनी अजून विचारते की जगाच्या पाठीवर कुठल्या मुलीच्या बापाने व्याह्याला असा प्रश्न विचारला असेल. त्यावर माझं म्हणणं असं, की माझा जन्म चाकणच्या कंपनीत गेला आहे. (जन्म औसा तालुक्यात झाला, पण गेला चाकणला.) आम्ही ब्रेकचे भाग बनवत होतो आणि मी तपासणी खात्यात होतो. तिथला नियम असा, की दुरुस्त केलेला भाग वाईट नसतो, पण तो गुपचूप खोक्यात भरायचा नाही. गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, त्याची मंजुरी घ्यायची, मगच माल बाहेर. या नियमापायी मी भरलेले ट्रक गेटवर अडवले आहेत आणि साहेब लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. निवृत्त झालो तरी ते रक्तातून जात नाही. मंडपात मी तुम्हाला व्याही न समजता गिऱ्हाईक समजलो, आणि तुम्ही गिऱ्हाइकासारखेच वागलात. पानाचं तबक खाली ठेवून तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “दुरुस्त टायरावर आमची सून जायाची न्हाई.” तो रविवार गेला आणि त्याच्यामागून आणखीही रविवार गेले. इकडे पाळणा धुऊन-पुसून ठेवला आहे आणि श्रद्धा तिकडेच आहे.

आता टायरची बाजू मांडतो. ते पंक्चर कुरुळीच्या वळणावर एका ट्रकच्या मागे झालं. आमच्या पट्ट्यात रस्त्यावर पावसापेक्षा स्क्रू जास्त पडतात, त्यात टायरचा दोष नाही. स्क्रू बाहेर काढला तेव्हा तो उत्तम प्रतीचा निघाला. टोक शाबूत, आटे एकसारखे. (सवयीने मी त्याला व्हर्नियर लावून पाहिला आणि दोन मिनिटं पंक्चर विसरलो.) भोक टायरच्या मधोमध होतं, रस्त्याला टेकणाऱ्या जाड भागात, आणि बारीक होतं. टायर रिममधून काढून आतून पॅच बसवला आहे, बाहेरून नुसती वात ठोकून मोकळा झालेलो नाही. हवा गेल्यावर गाडी एक हातसुद्धा पुढे रेटली नव्हती, त्यामुळे आतली बाजू चिरडलेली नाही. भोक कडेच्या भिंतीला असतं, तर तुम्ही बोलायच्या आधी मीच तो टायर टाकून दिला असता, कारण कडेची दुरुस्ती टिकत नाही, तिथे दयामाया नाही. पण मधोमध, लहान आणि आतून नीट बुजवलेलं पंक्चर सुरक्षित असतं. हे मी माझ्या मुलीबद्दल बोलतो आहे, टायर विकत नाही, हे ध्यानात घ्यावं.

तरीही माझा एकट्याचा शब्द नको, म्हणून मी सोसायटीत मत घेतलं. आमच्या मोशीच्या इमारतीत राहणारे बहुतेक सगळे गाडीच बनवतात, पण तुकड्यातुकड्याने. आजवर मला याचा अभिमान होता. तळमजल्यावरचे श्रीपादराव शॉकॲब्सॉर्बरच्या कारखान्यात आहेत. त्यांनी गाडी दाबून पाहिली आणि शॉकॲब्सॉर्बर चांगला असल्याचं सांगितलं. टायरचं विचारल्यावर म्हणाले, ते आमच्याकडे येत नाही. वरचे बुद्धरत्न हवा भरायचे व्हॉल्व्ह बनवतात. ते पालथे पडून व्हॉल्व्ह बघून आले आणि त्याची हमी त्यांनी छातीवर हात ठेवून दिली, फक्त त्याचीच. असं करत दाराच्या बिजागरीपासून काचेच्या पुसणीपर्यंत सगळी गाडी मंजूर झाली, टायर सोडून. संध्याकाळी पार्किंगमध्ये इतकी जाणती माणसं उभी होती, पण ही गाडी कराडला जाऊन येईल असं म्हणायला एकही तयार नव्हता. शेवटी कोणीतरी सुचवलं की भार घालून चाचणी घ्या. ते मला पटलं, कारण कंपनीतही आम्ही तेच करायचो.

भार म्हणून कांदा घेतला. चाकणच्या बाजारात ओळखीचा आडत्या आहे, त्याच्याकडून पोती आणली. श्रद्धाच्या वजनाचं एक, सुहासिनीच्या वजनाचं एक (इथे मी अंदाज कमी धरला, संसार करायचा आहे), आणि सामानाचं एक. पट्टे लावल्याशिवाय गाडी किणकिण थांबवेना, म्हणून पोत्यांना पट्टे लावले. श्रद्धाच्या पोत्याच्या पाठीशी उशी ठेवली. तिची काही गरज नव्हती हे मला कळत होतं, तरी ठेवली. मंचरपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. गावाच्या अलीकडे हवालदाराने गाडी थांबवली, मागे डोकावून बराच वेळ पाहिलं आणि हे काय आहे असं विचारलं. मी खोटं बोलत नाही. ही मुलगी, ही तिची आई आणि ते सामान, असं सांगितलं. मुलीचे दिवस भरत आले आहेत, हेही सांगितलं. त्याने मला अतिशय हळू आवाजात, सावकाश घरी जा काका, असं सांगितलं आणि रस्ता मोकळा करून दिला. पोलीस माझ्याशी इतक्या मायेने याआधी कधी वागले नव्हते.

निकाल असा, की मागचा डावा टायर जाऊन-येऊन जसाच्या तसा राहिला. हवा तसूभर उतरली नाही. परतीच्या वाटेवर पुढचा उजवा मात्र बसला, ज्याला आजवर टाचणीही टोचलेली नव्हती. तात्पर्य काढायचं तर तुम्ही काढा. मी रस्त्याकडेला पोती उतरवून जॅक लावत होतो, त्यामुळे माझं तात्पर्याकडे लक्ष नव्हतं. (ग्रीस त्याच जॅकचं. साबणाला दाद देत नाही.)

मग मी तुमच्यापुढे हार मानली. मागचा डावा टायर नवा घेतो, असं फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, तीन जुने आणि एक नवा हे बरं नव्हे. बरं, चारही नवे घेतो म्हटलं. त्यावर तुम्ही म्हणालात की नवा टायर रस्त्याला रुळायला वेळ लागतो, बघू. हिंदुराव, तुम्ही सगळी नोकरी एसटी चालवलीत. पुन्हा रबर चढवलेल्या टायरांवर, भर धुक्यात, भरलेली गाडी आंबा घाटातून कशी उतरवायचात ते साखरपुड्याला तुम्हीच रंगवून सांगितलं होतं. त्या माणसाला माझ्या एका पॅचची भीती वाटते, हे माझ्या तपासणीत बसत नाही. तेव्हा माझी एवढीच विनंती, की टायरला मंजुरी द्यावी आणि पोरीला पाठवावं. दिवस थोडे उरले आहेत, आणि आठव्या महिन्यानंतर एवढा प्रवास नको असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे.

चुकलंमाकलं पोटात घालावं.

आपला,
सोपान

ता.क. वर ‘एवढीच विनंती’ लिहिलं आहे ते खरं नाही. काल श्रद्धाचा फोन आला होता. मी तिला टायरचं सांगू लागलो तर तिने मला थांबवलं. म्हणाली, “बाबा, आबा भात करायला शिकतायत. रोज करपतो. मी करते म्हटलं की म्हणतात, र्‍हाऊ दे, तू गेल्यावर यायला नको का.” आणि ती फोनवर रडली. निरंजनरावांची पाळी रात्रीची असते हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. मी महिनाभर भोक मोजत बसलो, आणि विहीणबाईंच्या माघारी त्या घरात संध्याकाळी तुमच्याशी बोलणारी श्रद्धा एकटीच आहे, हे मला दिसलं नाही. फार वाईट वाटलं. मुलगी घरातून गेली की पहिल्या संध्याकाळी घर कसं होतं, ते मला तिच्या लग्नापासून माहीत आहे. शेजारी सुहासिनी होती म्हणून मी निभावलो.

ता.क. दुसरा. म्हणून खरी विनंती ही: श्रद्धाबरोबर तुम्हीही या. बाळ घेऊन ती परत जाईल तेव्हा तिच्याबरोबरच परत जा, तोवर इथेच राहा. सुनेच्या माहेरी बाळंतपणाला सासरा येऊन राहिल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही, लोक बोलतील. बोलू द्या. खोली तयार आहे. (तिला कांद्याचा वास आहे, खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत.) निरंजनराव सुट्टीला इकडेच येतील. रात्री बाळ रडलं तर एका म्हाताऱ्याला फिरवणं झेपायचं नाही, दोघे असू.

ता.क. शेवटचा. पाकीट चिकटवताना सुहासिनीने सांगितलं की हे सगळं तिने सकाळीच तुम्हाला फोनवर विचारलं. (मला विचारलं नाही.) तुम्ही म्हणे एवढंच विचारलंत की तिकडं थंडी लय असते का. तुम्ही होकार दिलेला नाही, हे मी मान्य करतो. रविवारी सकाळी मी कराडला पोहोचतो. इथे थंडी असते. स्वेटर घ्या.