जवळा खोलात गेला

कोलशेत, मार्गशीर्ष अमावस्या, १९५३

आज पण जाळ्यात जवळा नाही. डासाएवढे पांढरे किडे तेवढे चिकटलेले, ते कोण खाणार? पलीकडे खोल पाण्यात भावाच्या जाळ्यात टोपल्या भरून जवळा. खाडी तीच, मग असं का? बायको म्हणाली, "अवो, जवळा खोलात ऱ्हातो. तुमी बसा चिखलात बापाची जागा राखत." राग आला. एकदा जाळं बांधायचे खुंट काढले की गावाच्या रीतीने जागा गेली, परत मिळत नाही. पण गाळ किती भरलाय! बापाने खुंट ठोकले तेव्हा तिथे अख्खा बांबू बुडायचा. म्हणजे त्याने जागा कुठे बघितली, पाणी किती खोल तेच बघितलं. उद्या खुंट उपटतो. बायकोला सकाळी सांगेन. जेवताना टोमणे नकोत.