खोक्यावरचा वेग

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). गुडघा काय म्हणतोय? वहिनीचा खोकला गेला असेलच. नसेल तर तिला माझ्या वतीने रागाव.

पत्रास कारण, तू हौसेने निवडून दिलेला लॅपटॉप. खोक्यावर ‘४.६ गिगाहर्ट्झपर्यंत’ छापलं होतं. त्यातला ‘पर्यंत’ आपण दोघांनीही वाचला नाही. शाळेच्या नव्या इमारतीतून फेरफटका मारल्यासारखी फिल्म याच्यावर बनवून मला संचालकांना दाखवायची होती. पसंत पडली नाही तर काम दुसऱ्या आर्किटेक्टकडे जाणार. आणि हा गडी गोगलगायीला आधी वाट देऊन मग चालत होता. आकडा पाहिला तर दीडसुद्धा नाही! मी तुला चार शिव्या घातल्या (त्या परत घेते) आणि लॅपटॉप काखेत मारून दुकान गाठलं.

दुकानातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “अहो, शर्यतीत पळणारा माणूस बाजाराच्या पिशव्या घेऊनही तसाच पळतो का?” खोक्यावरचा वेग म्हणे क्षणभराचा. काम लांबलं की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच आवरतं घेतो. त्यात अंगाने पातळ, हवा खेळायला जागा नाही. बॅटरीवर असला तर आणखी हात आखडता. गादीवर ठेवून काम करता का, असंही विचारलं. मी ठामपणे नाही म्हटलं (गादी नव्हेच, रजई होती). “तरी वेग इतका नाही पडत,” त्या म्हणाल्या, “याला कुणीतरी मुद्दाम बांधून ठेवलंय.” बघितलं तर वीज-बचत कायमची चालू!

घरात संशयित दोनच. नवऱ्याला समोरचा रिमोट सापडत नाही. उरल्या सासूबाई.

“आई, लॅपटॉपला हात लावलात?”

“लावला की. धापा टाकत होता बिचारा. बॅटरीच्या चित्रापाशी हिरवं पान दिसलं, ते दाबलं. गप्प झाला.”

मी कपाळाला हात लावला. पण जन्म वॉर्डात नर्स म्हणून काढलेली बाई ती. पेशंट तिला दिसण्याआधी ऐकू येतो. माझ्याकडे न बघता शेंगा सोलत म्हणाल्या, “तुझंही तेच चाललंय. जिना चढून आलीस की खुर्ची धरून उभी राहतेस. आम्हाला वाटतं, चपला काढतेय. तुझं पान कुठे असतं ते काही मला सापडलं नाही.”

दादा, आठवडाभर मी त्या यंत्राच्या नावाने खडे फोडत होते, आणि ते बिचारं निदान तापल्यावर थांबत तरी होतं. मी पान बंद केलं, लॅपटॉप टेबलावर दोन डब्यांवर टेकवला, चार्जर लावला. तो आपल्या चालीने चालू लागला. चारच्या आसपासही नाही, पण न अडता. सासूबाई त्याच्याजवळ बसल्या आणि मला आत झोपायला पिटाळलं. उठले तेव्हा काम झालेलं होतं. संचालकांना इमारत पसंत पडली. मात्र वेगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. : खरं सांगायचं तर पत्र याचसाठी लिहिलं. पंधरा दिवस तुमच्याकडे येऊन नुसती पडून राहिले तर चालेल का? काम आणणार नाही. शपथ.

ता. क. २ : माडीवरच्या खोलीत खिडकीजवळ प्लग आहे ना? सहज विचारलं.