चांदीच्या घुबडाची वाट

तीर्थस्वरूप अक्का यांस,

गुडघा वाकत नाही, म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार. चालवून घ्यावा. तुमची पाठ कशी आहे? गरम पाण्याच्या पिशवीने शेकता, की नुसतंच सगळ्यांना सांगत फिरता? इकडे मी ठीक. दुकानात काम आहे, दोन वेळ जेवतो (एका वेळचं स्वतःच्या हातचं, त्यामुळे ते जेवणात धरायचं की नाही तुम्हीच ठरवा).

पत्रास कारण तुमची बहीण. ती गेली आणि जाताना मोबाइलवरचा तो पत्त्यांचा खेळ माझ्या गळ्यात घालून गेली. तिला तो तुम्हीच शिकवलात, हे मी विसरलेलो नाही. रोज सकाळी एक पाकीट फुकट, आत प्राण्यापक्ष्यांचे पत्ते. तिचा सगळा अल्बम भरला, राहिलं ते एक चांदीचं घुबड. दवाखान्यात शेवटी शेवटी बोलवत नव्हतं, तरी पाकीट उघडायची, आणि कोल्हे निघाले की माझ्याकडे असं बघायची जणू मीच ते आत भरलेत. तेव्हा मी म्हणून गेलो, की तुझं घुबड मी मिळवून देतो. माणूस अशा वेळी काहीही बोलतो. पण बोललो ते बोललो.

तर आता रोज दुकान उघडायच्या आधी खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसून मी पाकीट उघडतो. (रंधा मारून मारून बोटं इतकी निबर झालीत की मोबाइलला ती लागलेली कळतच नाहीत. नाकाने उघडतो. हसू नका.) निघतात कोल्हे. घुबड म्हणे हजार पाकिटांत एकदा निघतं. मी समजलो, हजारावं उघडलं की निघणार. मापात काम करणारा माणूस दुसरं काय समजणार? खात्री करायला खेळवाल्यांना विचारलं, तर उत्तर आलं, की प्रत्येक पाकिटाचं नशीब नव्याने सुरू होतं, आधीची जमेस धरत नाहीत, आणि आपला उत्साह पाहून आनंद झाला. हा कुठला न्याय, अक्का? मी हजार खुर्च्यांत एकीलाच चौथा पाय बसवला, तर गिऱ्हाईक तोच पाय उपसून माझ्या मागे लागेल.

मग ती वितळवायची भानगड. जास्तीचे कोल्हे वितळवले की चुरा मिळतो, आणि पुरेसा चुरा साठला की घुबड घडवता येतं (भुशातून टेबल करण्यापैकीच हे). बसलो नाकाने वितळवत. नाकच ते, घसरलं, आणि तिची लाडकी खार वितळली. ती खार मिळाली तेव्हा तिने दूध उतू जाऊ दिलं होतं आणि मला हाका मारून मारून दाखवायला बोलावलं होतं. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. त्या खुर्चीत बसून रडलो, एका खारीसाठी. म्हणजे खारीसाठी नव्हे, ते तुम्हाला सांगायला नको. पुढे खार पुन्हा निघाली, अल्बमात बसलीही. पण ही ती नव्हे.

तेव्हा तुमच्याकडे घुबड काढायची काही युक्ती असेल तर उलट टपाली कळवावी. तब्येतीस जपावं.

आपला,
(तुमच्या भाषेत) सुतारमहाराज

ता. क. घुबड मिळालं की मी तो मोबाइल बंद करून कपाटात ठेवणार आणि माणसांत येणार, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आणखी ता. क. वरचं सगळं कालचं आहे. आज सकाळी पाकिटाच्या कडेने चांदीचा उजेड आला. तुम्हीच म्हणायचात, असा उजेड आला की आत बहुधा तेच. मी नाक मागे घेतलं. पाकीट तसंच ठेवलंय, मोबाइल चार्जिंगला लावलाय. ते उघडलं तर उद्या सकाळी त्या खुर्चीत कशाला बसू? युक्तीचं राहू द्या, तुम्हीच या. तुमच्या हाताने उघडा. पाठीला टेकायला चांगली खुर्ची करून ठेवतो. आणि आत कोल्हाच निघाला, तर मला वाईट वाटेल असं समजू नका.